नव्या पेशी: शून्य

ज्या बाटलीवर लाल फुली असे, ती आमच्या लॅबमध्ये सगळे चिमट्याने सरकवत. ती एचआयव्हीची खूण होती. लॅबच्या प्रमुख बाई मात्र हातमोजे चढवून तीच बाटली आधी उचलत आणि म्हणत, "रक्तच आहे रे. निखारा नाही."

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका दवाखान्यात मी बाईंच्या हाताखाली लागलो. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, पण सूक्ष्मदर्शकातून नीट बघायला शिकवलं ते बाईंनी. "सगळं एकाच आजाराच्या माथी मारू नकोस," हे त्यांचं रोजचं वाक्य.

माण तालुक्यातले तात्या मुंबईत गोदीवर हमाली करत. एचआयव्ही निघाल्यावर गावी परतले होते. आमच्याकडे रक्त चढवलं की काही दिवस हिंडत, मग पुन्हा पांढरेफटक पडत. "एड्सच तो. किती रक्त घालायचं?" अशी वॉर्डात कुजबुज सुरू झाली. बाईंनी मला कोवळ्या लाल पेशी मोजायला सांगितल्या. शरीर नवं रक्त बनवतंय का, ते त्यावरून कळतं. मला एकही दिसली नाही. असं कधी होतं का? काचेवरच्या रक्ताला दिलेला माझाच रंग बिघडला असेल असं समजून मी 'एक टक्का' लिहून टाकलं.

बाईंनी काच स्वतः पाहिली.

"तुला कुठं दिसली रे?"

"दिसली नाही, बाई. पण थोड्या तरी असतीलच ना?"

"म्हणजे तू तात्यांना तपासलंस की पुस्तकाला?"

माझ्याच हाताने त्यांनी शून्य लिहून घेतलं आणि कागद घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या. "रक्त बनणंच थांबलंय. हाडातली मज्जा तपासा." मज्जेत राक्षसी आकाराच्या, अर्धवट वाढलेल्या पेशी सापडल्या आणि मुंबईच्या तपासणीत पार्वो विषाणू निघाला. लहान मुलांच्या गालांवर लाली आणून निघून जाणारा हा विषाणू तात्यांच्या दुबळ्या शरीरात ठाण मांडून बसला होता आणि नवं रक्त बनूच देत नव्हता. निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं त्यांना पाच दिवस शिरेतून दिली. पुढच्या आठवड्यात काचेवर कोवळ्या पेशी दिसल्या, तेव्हा मी त्या तीनदा मोजल्या.

मग तात्या एकटेच एसटीने तपासणीला येऊ लागले. "बाई, लय भूक लागतीया बगा!"

दोन वर्षांनी ते क्षयाने गेले. त्यांची बायको सांगायला आली. "दोन पेरण्या त्यांच्या हातनं झाल्या, बाई."

बाईंनी स्टूल पुढं सरकवलं.

"तुझं रक्त तपासायचं दोनदा टाळलंस. आज बस."

"भ्या वाटतंया, बाई."

"मलाही वाटतंय. बस."

ती बसली आणि तिने हात पुढं केला. मी सुई घ्यायला गेलो, तर बाईंनी ती आधीच घेतली होती.