शिवलेली संत्री

"अहो, पण संत्र्याला टाके कशाला घातलेत?"

"अगं, साल किसायची राहिली होती!"

"साल आधी किसतात, रस नंतर काढतात. शेंबड्या पोरालाही कळतं!"

"मग आधी सांगायचंस ना! मी कापली, पिळून मोकळा झालो. आता ती अर्धुकं किसणीवर धरली की चपटी होतात, जुन्या टोपीसारखी. म्हणून आत चिंध्या भरल्या..."

"चिंध्या?"

"धुतलेल्या गं! वर दोन्ही अर्धुकं जोडून शिवली. दाबून बघ, चेंडूच झालाय!"

काकूंनी दाबून बघितलं नाही. त्या स्टुलावर बसल्या.

शिंपीकाकांचा उभा जन्म लोकांच्या पँटी बेतण्यात गेला. दुकान बंद केल्यावर काही दिवस घरातल्या पडद्यांची मापं घेऊन झाली. मग काकू कामावर गेल्या की ते स्वयंपाकघरात घुसायला लागले. परवा तर लिंबाच्या फोडी खडूने आखून कापल्या. "खडू पोटात गेला तर हाडं बळकट होतात," हे वर काकूंनाच ऐकवलं.

शेवटी काकूंनी अट घातली. आज काकांची थोरली बहीण, आक्का, यायची होती. तिने काकांचा संत्र्याचा केक खाऊन चांगला म्हटलं, तर स्वयंपाकघर काकांचं. नाहीतर उद्यापासून काका, आरामखुर्ची आणि पेपर. त्या खुर्चीचं नाव काढलं तरी काका ताडकन उभे राहायचे. त्यांचे वडील एकदा तीत बसले ते पुन्हा धड उठलेच नाहीत.

म्हणून काकांनी जीव ओतून किसलं. नारिंगी तेवढंच घ्यायचं, पांढरं दिसलं की संत्रं फिरवायचं, कारण पांढरं कडू. सालीवर त्यांचं बारीक लक्ष होतं. शिवणीकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

केक मात्र टम्म फुगला. घरभर असा वास सुटला की काकूंनीही दोनदा ओव्हनमध्ये डोकावून "करपलाय का बघतेय" म्हणून घेतलं.

आक्का आली, बसली, पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. दोन बोटं तोंडात घालून तिने काहीतरी ओढलं. निळा दोरा. ओढला, अजून आला. अजून ओढला, अजून आला. काकूंनी हसू दाबायला स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला.

"अरे, हे काय रे?"

"पक्का रंग आहे, आक्का. जायचा नाही."

"माझ्या पोटात गेला असता की!"

"वन्सं, मी आधीच सांगत होते..."

"तू थांब गं! आक्का, दोऱ्याचं सोड. केक कसा झालाय? चांगला म्हण बाई, नाहीतर ही मला खुर्चीत बसवेल!"

"खरं तेच सांगा हं, वन्सं. भावाकडे बघू नका."

आक्काने भावाकडे बघितलं. मग भावजयीकडे. मग उठली, दुसरा तुकडा तोंडात कोंबला, सुरीसकट केकचं अख्खं ताट उचललं, गॅलरीत गेली आणि ढुंगणाने दार लावून घेतलं.