सौंसरच्या बागेतला कारंजा आणि शुक्रवारचा प्राइमर

"पाणी सोड," साहेब म्हणाले. मी कारंज्याच्या व्हॉल्वची चावी खिशात टाकली.

साहेब म्हणजे नगरपालिकेचे ओव्हरसियर. मी त्यांचा ठेक्यावरचा पेंटर. १९८४-८५ची गोष्ट. सौंसरच्या बागेतला कारंजा गंजून, शेवाळून बसला होता. हौद घासला, भेगा बुजवल्या. मधला लोखंडी खांब वायर ब्रशनं खरवडून त्यावर त्या शुक्रवारी रेड लेड मारलं. गंज थांबवणारा हा भगवा प्राइमर. यात शिसं असतं, म्हणजे विष. ते पूर्ण सुकवून वर इनॅमलचे दोन हात द्यायचेच असतात. इनॅमल आलंच नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उद्घाटनाला गावचे नेताजी कारंज्याचं बटण दाबणार होते.

"रंग मागून मारू."

"साहेब, याचं शिसं पाण्यात उतरंल. जामसांवलीच्या मारुतीले पायी जाणारे लोक याच हौदातलं पाणी पितील. लेकरं घेऊन येतात."

"तू काऊन भाषण देऊन राहिला? युनियनची पत्रकं वाटायची सवय इथं नको. चावी दे."

"नाही देत."

"सकाळी दुसरा पेंटर आणतो. चावीसुद्धा."

गरिबाच्या पोटात काय जातं ते यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतं. शनिवारी उजाडताच मी हौदाच्या काठावर जाऊन बसलो. साहेब आले ते दुसरी चावी घेऊनच. ते वाकले, तेवढ्यात मागून नारळ फुटला.

एक म्हातारी हौदात उतरली होती. खांबावर बोट फिरवून कपाळाला लावत होती. प्राइमर अजून ओलसर होता.

"आजी, विष आहे ते. बोट धुवा."

"मारुतीचा शेंदूर विष? कोणाचा पोरगा होय रे तू?"

तिच्यामागे आणखी दहा-बाराजण चपला काढत होते. एकानं साहेबांच्या हातातली चावी पाहिली.

"देवाच्या डोक्यावर नळ सोडता का, साहेब?"

साहेबांनी चावी खाली ठेवली. नेताजी आले, हात जोडून गेले. बटण कोणी दाबलं नाही.

म्हातारीचं बोट आणि कपाळ मी साबणानं धुवायला लावलं. ती शिव्या देत धूत होती. शिशाचं नाव काढूनही जे साहेब हलले नाहीत, ते एका नारळानं हलले. याचा राग मला अजून आहे.

कारंजा पुन्हा चालला नाही. इनॅमल पुढच्या आठवड्यात आलं, पण भक्तांकडून खांबाला ब्रश लावायची परवानगी मिळेना. मी हौदाला निळा रंग दिला आणि खांबाभोवती जाळी ठोकली, कोणाचा हात पोचू नये म्हणून.

नव्या पोरांना एवढंच सांगतो: वरचा रंग हातात आल्याशिवाय रेड लेडचा डबा उघडू नका. जामसांवलीच्या वाटेवर तर शुक्रवारी मुळीच नाही.