पळपुट्या सेनापतीची वकील

अमुक माणूस वाईट आहे, हे आमच्या आत्याला उभ्या जन्मात कोणी पटवून देऊ शकलं नाही; आणि अमुक माणूस चांगला आहे, हेही नाही. तिच्या डोंगरकडा गावात कोणाचं कौतुक सुरू झालं की ती शांतपणे त्याची एखादी लबाडी सांगायची, आणि निंदा सुरू झाली की त्याच माणसानं कोणाच्या तरी आजारपणात खाल्लेल्या खस्ता सांगायची. त्यामुळे सोयरीक जुळवताना लोक स्थळाची चौकशी तिच्याकडे चुकूनही करत नसत.

याचं मूळ एका कादंबरीत होतं. बुद्धविहाराशेजारच्या खोलीत गावाचं वाचनालय होतं आणि आत्या ते सांभाळायची. नव्वद सालानंतर कधीतरी पुस्तकांच्या गठ्ठ्यात कुठल्याशा परक्या भाषेतून मराठीत आलेली, उशीएवढी जाड कादंबरी आली. जादूचं राज्य, बोलणारे डोंगर, सगळा अद्भुत कारभार. आत्याला डोंगरांशी काही घेणंदेणं नव्हतं, तिचा जीव माणसांवर जडला. राजाला विष घालणारी आणि त्याच्याच पोरक्या लेकरांना पोटाशी धरणारी राणी, देवळातलं सोनं चोरणारा पण मित्राला कधी न फसवणारा चोर, पाऊस पाडून देणारा आणि बदल्यात लोकांच्या आठवणी काढून घेणारा मांत्रिक, आणि सर्वांत लाडका, भर रणातून पळून आलेला सेनापती. कांदा चिरता चिरता ती मध्येच म्हणायची की राणीनं दुसरं करायचं तरी काय होतं, आणि नवखा माणूस बिचारा ही राणी कोणाची सून म्हणून विचारात पडायचा. वाचनालयात कोणी ते पुस्तक मागितलं की ते बाहेर गेलंय असं सांगायची. खोटं नव्हतं, ते तिच्या पिशवीत असायचं.

हिंगोलीला कॉलेजात असताना मी सुट्टीत तिच्याकडे जायचो. एकदा शहाणपणानं म्हणून बसलो की काही म्हण, सेनापती शेवटी भित्राच. आत्यानं मला जेवायला वाढलं, भाकरीवर तूपही घातलं, पण संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चहा ठेवताना मात्र तिला राहवेना.

“फौजंतली तीनशे लेकरं जित्ती माघारी आणली त्यानं. आन् भ्यालाबी होता. दोनी खरं हाय. तुला एकच काहून पाहिजे?”

गावच्या सरपंचालाही ती सेनापती म्हणायची. तो काही महिने खुशीत होता. मग हा सेनापती पळून जातो, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं आणि तो तणतणत वाचनालयात आला. आत्यानं पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. पंधरा दिवसांनी त्यानं ते परत आणलं आणि खाली मान घालून सांगितलं की दरबारात सेनापतीवर अन्याय झाला. पुढं कित्येक दिवस दोघं ओट्यावर बसून त्या दरबाराचा निकाल फिरवायचा प्रयत्न करत होते.

पण पुस्तकातल्या माणसांना समजून घेणं सोपं असतं. आत्याचा नवरा लग्नाच्या सहाव्या वर्षी तिला टाकून नांदेडला दुसरा संसार थाटून बसला होता. अठरा वर्षं तिनं त्याचं नावही घेतलं नव्हतं. दोन हजार सालानंतर एका दुपारी तो एसटीतून उतरला तो खोकत, काठी टेकत. तिकडची बाई वारली होती आणि पाहणारं कोणी उरलं नव्हतं. माझे वडील तातडीनं हिंगोलीहून आले आणि याला आल्या गाडीनं परत बसवा म्हणाले. गल्लीतल्या बायांचं मत असं, की एवढी पुस्तकं वाचणारी बाई, ती घरात घेणारच.

आत्यानं दोन्हींतलं एकही केलं नाही. जेवलास का, एवढं विचारलं आणि उंबऱ्याबाहेरच ताट दिलं. मग विहाराच्या मंडळींना सांगून वाचनालयामागची खोली उघडून घेतली, तिथं खाट टाकली. दोन वेळचा डबा, औषधं, सगळं बराबर. रोज दुपारी ती त्या खोलीच्या दारात बसून त्याला कादंबरी वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. वडील वैतागून म्हणाले की मग माफच केलंस की.

“माफ न्हाई केलं, दादा,” आत्या म्हणाली. “समजून घेऊन राहिले. ते येगळं.”

एक दिवस माझ्यासमोरच त्यानं विचारलं, एकदा घरच्या अंगणात बसू देतीस का. आत्या पुस्तकातून मान वर न करता न्हाई म्हणाली आणि पान उलटलं. आठ दिवसांनी तो त्या खाटेवरच गेला.

सगळं आटोपल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा ती वाचनालयाच्या पायरीवर बसली होती. विष घालणाऱ्या राणीची बाजू इतकी वर्षं घेणारी ती बाई मला हळूच म्हणाली, “एकदा अंगणात बसू द्यायला पाहिजे होतं का रं?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. शाळा सुटून दोन पोरी पुस्तक बदलायला आल्या, तशी ती पदर झटकत उठली आणि कपाटाची किल्ली शोधू लागली. टेबलावर पाहिलं, खिडकीत पाहिलं, पिशवी उलटी केली. किल्ली तिच्या हातातच होती. पोरींना ती दिसत होती, मलाही दिसत होती. आम्ही तिघंही तिच्याबरोबर किल्ली शोधू लागलो.