डब्याच्या जागी काळीज

माझी आत्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि उरलेल्या वेळात गाणी रचायची. गाणी सगळी घरातली, भांडणाची, खवचट. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मानापमान फार. भाजीत मीठ कमी पडलं तरी "मी हे घर सोडून चाललो!" म्हणत ते चपला पायात अडकवायचे. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचे, थोडा वेळ जगाकडे रागाने बघायचे आणि भूक लागली की परत यायचे. अशाच एका गृहत्यागाच्या वेळी आत्याने गाणं केलं:

जायचं तर जा राजा, दार ओढून घे,
जाता जाता कचऱ्याचा डबा खाली ने.

इमारतीतल्या बायका या गाण्याला पोट धरधरून हसायच्या. काकांसमोर मात्र कुणी ते म्हणत नसे.

तेव्हा एक गायिका फार गाजत होत्या. त्यांच्या आवाजाला सगळे मखमल म्हणायचे, म्हणून त्याही मखमलबाईच. "मखमल कसली? ओली रजई आहे," आत्या म्हणायची. या मखमलबाई एकदा अक्कलदाढ काढायला दवाखान्यात आल्या. (काढून मागे काय उरलं, हा आत्याचा पुढे कायमचा प्रश्न.) आत्या काउंटरवर गुणगुणत होती. बाईंनी कान टवकारले.

"चाल गोड आहे हो. कुणाची?"

"माझीच. शब्दही माझेच."

"मला द्याल? मी रेकॉर्ड करते."

ओल्या रजईची चेष्टा करणारी आत्या तिथल्या तिथे पाघळली. बाईंच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर तिने न वाचता सही ठोकली. त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना मूर्ख म्हणणाऱ्या माणसाने सही करताना तरी चष्मा लावावा.

रेकॉर्डिंगला ती मलाही घेऊन गेली. भिंतींना राखाडी फोम चिकटवलेली खोली, मध्ये जाड काच, काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून मखमलबाई. व्हायोलिनवाले रांगेत बसलेले, चेहरे असे की कुणीतरी वारलंय. वाद्यं सुरू झाली तीच मुळी रडत. चाल आत्याचीच, पण इतकी संथ केलेली की दोन शब्दांच्या मध्ये माणूस अंघोळ करून आला असता. बाईंनी डोळे मिटले आणि गायल्या:

जाता जाता काळजाचा तुकडा माझा ने.

आत्या ताडकन उठली. गाणं थांबल्यावर दार ढकलून थेट आत.

"डबा कुठे गेला?"

"अहो ताई, डबा बसत नाही तिथे. काळीज बसतं."

"आमच्या घरात तर डबाच बसतो!"

"लोकांना रडायला आवडतं, ताई. मी ओळखते लोकांना," बाई हसून म्हणाल्या, आणि पाणी मागवून दोन घोट प्यायल्या. आत्या तावातावाने बाहेर आली. पण गाणं थांबवा, असं काही ती म्हणाली नाही. कागदावर सही होती, आणि गाण्याखाली नाव छापून येणार होतं.

गाणं तुफान चाललं. रिक्षात, दुकानात, कुणाच्याही मोबाइलवर तेच. दवाखान्यात गाल सुजलेले लोक ते ऐकून मुसमुसायचे, आणि ते दाढेमुळे की काळजामुळे हे कळायला मार्ग नव्हता. "रडा," आत्या पुटपुटायची, "कचऱ्याच्या डब्यावर रडा."

सगळ्यात मोठी आपत्ती घरी झाली. काकांनी गाणं ऐकलं, खाली बायकोचं नाव वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इतकं मनाला लावून घ्यायचीस? मी आपला रागात काहीबाही बोलायचो गं."

त्या दिवसापासून काकांनी घर सोडायची भाषाच सोडली. मीठ कमी असो, जास्त असो, ओल्या नजरेने आत्याकडे बघत जेवायचे. "अहो, निदान बाकापर्यंत तरी जाऊन या," ती वैतागून म्हणायची. ते तिचा हात थोपटायचे.

शेवटी मखमलबाईंच्या जाहीर कार्यक्रमात डब्याचं बिंग फुटलं. बाईंनी आत्याला मोठ्या मनाने स्टेजवर बोलावलं. आत्याने माइक हिसकावलाच म्हणा, आणि गाणं मुळात होतं तसं, ठसक्यात, डब्यासकट म्हटलं. सभागृह गार. मग मागून एक बाई ओरडल्या, "इतक्या सुंदर गाण्याची टिंगल करता? लाज नाही वाटत?"

"अहो, गाणं माझं आहे!"

"म्हणून वाट्टेल ते कराल?"

मखमलबाईंनी हळूच माइक काढून घेतला. "ताईंनी छान विडंबन केलं," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. स्वतःच्याच गाण्याची नक्कल केल्याबद्दल आत्याला पुष्पगुच्छ मिळाला.

पहिल्या रांगेत बसून काकांनी हे सगळं ऐकलं होतं. घरी कुलूप उघडताना म्हणाले, "म्हणजे खरा तो डबा?"

"डबाच."

यावेळी ते बाकावर थांबले नाहीत, थेट धाकट्या भावाकडे गेले. आत्याने निरोप पाठवला नाही. पण त्या आठवड्यात ती दवाखान्यात कुणावर खेकसलीही नाही, आणि ते मला जास्त भीतिदायक वाटलं. मग भावजयीनेच कंटाळून काकांना परत पाठवलं. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "त्या बाईंचं चांगलं होतं की तुझं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"रडू त्यांच्यामुळे आलं," ते चपला काढत म्हणाले. "पण मी ओळखू आलो तो तुझ्याच गाण्यात."

आत्याने पानं वाढली.

पुढे मखमलबाईंचा फोन आला, नवीन काही आहे का म्हणून.

"आहे ना," आत्या म्हणाली. "मूळव्याधीवर आहे. बसेल का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.