एकटीले घास उतरत नाही

"मूठ उघड."

मैदानाच्या फाटकात उभ्या राहून बाई एवढंच म्हणायच्या, आणि आम्ही चौदा-पंधरा मुली एकेक करून मूठ उघडून दाखवायचो. मूठ रिकामी असली की बाहेर सोडायच्या. चणे सापडले, तर तिथेच उभं करून खायला लावायच्या. रुमाल झटकून बघायच्या, ओढणीचं टोक चाचपायच्या. जकात नाक्यावरही कोणी इतक्या निष्ठेने झडती घेत नसेल.

त्याला कारण होतं. खेळ संपल्यावर बाई प्रत्येकीला मूठभर भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा द्यायच्या, आणि आमच्यातल्या निम्म्या मुली ते घरी न्यायच्या. धाकट्या भावंडांसाठी. "रुमालात नाही वं, पोटात," बाई म्हणायच्या. "भावानं घाम गाळला का? तू गाळला. मंग तू खा."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरात सक्करदऱ्याकडे एक प्राथमिक शाळा होती, बाई तिथे तिसरीला शिकवायच्या. शाळा सुटली की मैदानावर आधी गल्लीतले क्रिकेटवाले खेळायचे. त्यांचं झालं की उरलेल्या मैदानावर, उरलेल्या उजेडात आमची कबड्डी. कोणी कॉलेजात होतं, कोणी नोकरीत, त्यामुळे सव्वासहाच्या आधी जमणं होत नसे. संपायला पावणेआठ. खांबावर एकच दिवा होता. त्या उजेडात चढाईला आलेल्या मुलीचे पाय दिसत, तोंड दिसत नसे. पाय दिसले की पुरे, असं बाईंचं म्हणणं.

बाई चाळिशीच्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. माहेर उमरेडकडच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी बोली तशीच राहिली. तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणायच्या. वर्गात मात्र पुस्तकातलं मराठी. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. मग आम्हीही तसंच बोलायला लागलो आणि घरी बोलणी खाल्ली.

संध्याकाळचा व्यायाम झाल्यावर काय खावं, यावर त्या काळी नागपुरात भेटेल त्याला मत होतं. शेजारच्या आखाड्यातले पैलवान बदामाच्या खाली उतरत नसत. आमच्यातली एक टेलिफोन खात्यात होती. ती खेळ संपला की थेट टपरीवर जाऊन तर्री ओतलेला आलूबोंडा खायची. बाईंनी तिला एकदा पकडलं. "तासभर दम कमावला, अन् तर्रीत बुडवला!" त्यावर ती म्हणाली, "बाई, तर्रीनंच तं दम येते." त्या दिवशी बाई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी तिला मैदानाला पाच चकरा जास्त मारायला लावल्या.

बाईंचा हिशेब साधा होता. श्वास खाली बसला की दोन घोट पाणी. मग चणे-गूळ, जिची तिची एक मूठ. "जिची मूठ मोठी, तिची भूक मोठी. देवानंच माप देऊन पाठवलं." घरी गेल्यावर तासाच्या आत गरम जेवण. भाकर, घट्ट वरण, पालेभाजी असली तर बरं. चहा पिऊन भूक मारायची नाही. चणे त्यांच्या भावाच्या शेतातले. उमरेडच्या एस.टी.ने महिन्याला एक पिशवी यायची, आणि शाळेत निघण्याआधी बाई ते भिजत घालायच्या.

चणे-गूळ जमत होतं. गरम जेवण कुठे जमत होतं?

आमच्या घरचंच सांगते. बाबा एका कचेरीत कारकून. संध्याकाळी वाचनालयात जाऊन सगळी वर्तमानपत्रं वाचून साडेनऊला परत यायचे. मग ते आणि माझे दोघे भाऊ जेवायला बसायचे. आई वाढायची, मी पोळ्या करायची. त्यांचं झालं की दहाच्या सुमाराला आम्ही दोघी. तोवर भाजीचा रस्सा उरलेला असे, फोडी गेलेल्या असत. हा नियम कोणी केला नव्हता, त्यामुळे तो मोडायला कोणाकडे जावं हेही कळत नसे. तुमच्याही घरी असंच असेल, किंवा तुमच्या आईच्या वेळी असेल.

त्या वर्षी विदर्भाच्या संघाची निवड व्हायची होती. बाईंनी माझं नाव दिलं होतं. मी चढाई बरी करायची. निवडीआधी पंधरवडाभर रोज दुप्पट मेहनत सुरू होती, आणि चण्यांचा जोर साडेआठलाच संपायचा. एका रात्री पोळी लाटता लाटता मला घेरी आली. पडताना तव्याला हात लागला, मनगट भाजलं. आईने त्यावर तूप लावलं आणि म्हणाली, "बास. उद्यापासून मैदान बंद." बाबांनी मान हलवली. भावांना काही मत नव्हतं, ते जेवत होते.

मी रडले. इतकी, की मलाच आश्चर्य वाटलं. तोवर मला वाटे, मी नुसती मजा म्हणून खेळते.

तिसऱ्या दिवशी आठला दहा कमी असताना बाई आमच्या दारात. मला वाटलं, आता भांडण. आईनेही पदर खोचला होता, उत्तरं तयार होती तिची. बाईंनी चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी जेवाले आलो."

आईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आत्ता?"

"हो ना. लय भूक लागली."

दारात आलेली बाई जेवायला मागते, तिला नाही कसं म्हणणार? आईने पाट मांडला, ताट वाढलं. बाई हात धुऊन बसल्या, पण घास घेईनात.

"काय झालं? काही कमी आहे का?"

"नाही, सगळं बेस आहे. पण मले एकटीले घास उतरत नाही. हिले बसवा ना सोबत."

आता बघा. पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं नाही, हा आमच्याकडचा दुसरा नियम, आणि तो पहिल्याइतकाच पक्का. बाबा वाचनालयात, भाऊ बाहेर, घरात पुरुषमाणूस नाही. आई वाढणारी, ती बसू शकत नाही. राहिले मी. आईने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि दुसरा पाट मांडला.

तोवर मी हजारो पोळ्या केल्या असतील. तव्यावरून थेट ताटात पडलेली पोळी मध्ये फुगलेली असते आणि मोडली की वाफ येते, हे खाणाऱ्याच्या बाजूने मला विसाव्या वर्षी कळलं.

बाईंनी अर्धी पोळी खाल्ली, वरणाची तारीफ केली, पोळ्या पातळ आहेत म्हणाल्या आणि उठल्या. खेळाबद्दल अवाक्षर नाही. एक दिवस सोडून परत आल्या. परत "एकटीले घास उतरत नाही". त्या दिवशी निघताना म्हणाल्या, "उद्या पाठवा हिले. आठच्या आत मीच आणून सोडतो." आई नको म्हणू शकली नाही. आपल्या वरणाला इतकं चांगलं म्हणणारं माणूस तिला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

अशा बाई पाच वेळा जेवल्या. सहाव्या वेळी आल्या नाहीत, मला आमच्या घराच्या फाटकाशी सोडून गेल्या. आईने दोन पाट मांडलेले. तिने थोडी वाट पाहिली आणि म्हणाली, "बस. गार होतंय." त्यानंतर आमच्या घरी माझं ताट आठला वाढलं जायचं. बाबांना ते महिनाभर कळलंच नाही, कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र उलटलं. निवड माझी झाली, पण राखीव खेळाडू म्हणून. एका सामन्यात चारेक मिनिटं खेळले, त्यात एक गुण. तो गुण मी अजून लोकांना सांगते.

बाईंना युक्ती सापडली होती. त्यांनी ती एकेका घरी चालवली. सात मुलींच्या घरी त्या जेवल्या. कुठे अर्धी भाकर, कुठे चतकोर. एकदा एकाच संध्याकाळी दोन घरी जेवावं लागलं, आणि दोन्हीकडे कारलं. कारलं त्यांना बघवत नसे. "कबड्डीसाठी मी जीव देईन म्हटलं होतं," त्या आम्हाला म्हणाल्या, "कारल्याचं बोललो नव्हतो."

वस्तीत मात्र त्यांचं नाव पडलं. खादाड मास्तरीण. बायका नळावर हसायच्या. बाई ऐकून सोडून द्यायच्या.

पण ते त्यांच्या घरी पोचलं. सासूला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, तिचंही काही चुकत नव्हतं. "आमी उपाशी ठेवतो का घरी? लोकायच्या दारी ताट मागत फिरते!" नवऱ्याने एका वाक्यात निकाल दिला. मैदान बंद.

एका संध्याकाळी फाटकात बाई नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टेलिफोनवाली त्यांच्या घरी जाऊन आली. तिने सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "बाई घरी जाऊन सगळ्यायचा सैपाक करतात. तिघायले वाढतात. दहा वाजता जेवतात. बुढीच्याही मागून."

मला लाज वाटली. पाच वेळा ती बाई माझ्या शेजारी बसून जेवली होती, आणि तुम्ही घरी कधी जेवता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या घरच्या त्या अर्ध्या पोळीत त्यांचीही भूक होती. आम्हाला वाटायचं, नुसतं नाटक.

बाई आता नाहीत. निवृत्त झाल्यावर भावाकडे उमरेडला गेल्या होत्या, तिथेच वारल्या. मला उशिरा कळलं, जाणं झालं नाही. ते मनात राहून गेलं आहे. मैदानावर मात्र त्या तेव्हा परत आल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या. त्याची सुरुवात कशी झाली, ते सांगते.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने धुवट लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल." माझ्या आईने तोवर हळदीकुंकवाच्या खिरापतीपलीकडे कोणाच्या घरी काही खाल्लेलं नव्हतं. कोणाच्या म्हणजे कोणाच्याच.

बाईंचं घर हुडकेश्वरच्या वाटेवर, दोन खोल्या आणि पुढे अंगण. अंगणात सासरे आणि नवरा बाजेवर बसले होते. आत बाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले. सासू भिंतीशी बसून लसूण सोलत होती.

आई उंबऱ्याशी उभी राहिली. "मी जेवायला आले," ती म्हणाली.

सासूने वर पाहिलं. मग लसूण बाजूला सारला. "बसा ना बाई," म्हणाली आणि स्वतः उठून ताट घेतलं. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आई बसली. ताटाला हात लावला नाही.

"मला एकटीला घास उतरत नाही," आई म्हणाली. "यांना बसवता का सोबत?"

बाईंनी मान खाली घातली. हे वाक्य सासूने वस्तीभरातून ऐकलं होतं, कुठून आलं तेही तिला माहीत होतं. मला वाटलं, आता दोघींनाही हाकलून देते.

"ऊठ वं," ती सुनेला म्हणाली. "हात धू."

"अन् भाकरी कोण करन, आत्याबाई?"

"हे पोरगी कायले आली मंग?"

मी चुलीपुढे बसले. बाई आईच्या शेजारी बसल्या. सात घरी जेवताना वरणाची, पोळीची, भाजीची तारीफ करणाऱ्या बाई आपल्या घरात, सासूने वाढलेल्या ताटापुढे एक शब्द बोलेनात. भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून बसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. आईचेही आले होते, पण ते चटणीने.

"खा वं," सासू म्हणाली. "गरम हाय तोवर खा."

बाई खायला लागल्या. भरभर, अगदी भुकेल्या माणसासारख्या. आईने सासूकडे पाहिलं. "तुम्हीही बसा ना."

"मी?" म्हातारी हसली. "मी तं सून होतो तेव्हापासून मागूनच जेवतो. मले कोणी बस म्हटलं नाही आजवर." असं म्हणता म्हणताच तिने फळीवरून तिसरं ताट काढलं आणि सुनेच्या पलीकडे टेकली. मी तिला तव्यावरची भाकर वाढली. ती जरा वाकडी झाली होती. म्हातारीने बोट भाजून घेतलं आणि तशीच मोडली.

बाहेर सासऱ्यांना ताटांचा आवाज गेला असावा. "पान वाढलं का वं?" त्यांनी अंगणातून विचारलं.

बाईंचा घास हातातच राहिला, त्या उठायला लागल्या. सासूने डाव्या हाताने त्यांचा गुडघा दाबून धरला.

"थांबा जरा," तिने आतूनच सांगितलं. "बाया जेवून राहिल्या."