एका तासाचं गाऱ्हाणं

"विमानाला गोव्याला जायला एक तास लागतो," हे वाक्य त्या दिवशी ज्यानं ज्यानं मला ऐकवलं, त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी अत्यवस्थ असल्याची तार सकाळीच घाटकोपरला आली. मी तिचा एकुलता एक. शेजारच्या काकांनी लगेच हिशेब मांडला: सव्वाचारशे किलोमीटर, एक तास, पुढे टॅक्सीनं तीन तास, संध्याकाळच्या आत घरी! काकांच्या हिशेबात घाटकोपर ते सांताक्रूझ नव्हतंच. त्यातच दीड तास गेला, आणि काउंटरवर उत्तर मिळालं: विमान भरलंय, प्रतीक्षा यादीत तुमचा पहिला नंबर.

पहिला नंबर घेऊन काय करू? डोकंच फिरलं माझं. जिनं जन्मभर सोमवार मोडला नाही, देवाला फूल वाहिल्याशिवाय तोंडात पाणी घेतलं नाही, तिच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला मुलगा नसावा? हा कुठला न्याय? खरं तर मे महिन्यात रजा असूनही मी गावी गेलो नव्हतो. पण तो राग स्वतःवर काढायला धैर्य लागतं. देव सोयीचा असतो. आमच्याकडे देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हात जोडून ओरडलो, "बा देवा म्हाराजा, विमानाक एक तास लागता. माज्या आवशीक तेवढो तरी वेळ दी. तां तुका जमणा नसात, तर देव कसलो रे तू?"

मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

धोतर-कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. माझी हकिकत ऐकून ते सरळ काउंटरवर गेले आणि त्यांनी स्वतःचं तिकीट रद्द केलं. "नातवाचा बारसा उद्या दुपारा आसा. मी सांजच्या येष्टीन जातंय. तुजी आवस थांबाची नाय," एवढंच बोलले. त्यांची जागा मला मिळाली. घाईत मी नावही विचारलं नाही, याची लाज अजून वाटते.

घरी पोचलो तेव्हा आईचे डोळे उघडे होते. मी रडत रडत सगळं सांगितलं, देवाला काय बोललो तेही. तिच्या कपाळावर आठी पडली. मरताना माणसाला एवढा राग येतो, हे मी तेव्हा पाहिलं.

"देवाक गाळी घातलंस? आधी जा, तेच्या पाया पड. मगे माका पाणी घाल."

चार पावलांवरचा देव्हारा, पण उठवेना. तेवढ्यात ती गेली तर? ती डोळ्यांनीच 'जा' म्हणत राहिली. तिला तिथे सोडून मी गेलो आणि जमिनीवर डोकं टेकलं. भांडण संपलं होतं. त्या क्षणी मी देवाकडे तिचं आयुष्यसुद्धा मागितलं नाही.

परत आलो. आईनं माझ्या हातून दोन घोट पाणी घेतलं.