साडूंचं सीलबंद खोकं

आमच्या साडूंनी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर कंपनीवर जेवढा जीव लावला, तेवढा तिच्या मालकांनी लावला असता तर ती कंपनी आजही चालू असती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. डोक्यावर त्या कंपनीची टोपी, खांद्याला कंपनीची पिशवी, चहा कंपनीच्या मगातून. कंपनीची छत्रीसुद्धा आहे. पण उघडली तर तिच्यावरचं नाव फिकं पडेल म्हणून एकदा ती सदऱ्याच्या आत धरून ते चिंब भिजत घरी आले. बार्शीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद होतोय असं कळलं, तेव्हा एसटीनं जाऊन माऊसखालचं कंपनीचं एक पॅड घेऊन आले. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. मेव्हणीबाई पुसायला गेल्या, तर ओरडले, "राहू दे की! तेवढाच त्याचा इतिहास हाय!"

पण त्यांचं खरं काळीज होतं कपाटातल्या सॉफ्टवेअरमध्ये. फ्लॉप्या, जाडजूड पुस्तकं, सगळं नंबर लावून ठेवलेलं. त्यातलं एक खोकं, नक्षी काढायच्या प्रोग्रॅमचं, दुकानातून निघालं तसंच सीलबंद होतं. वरच्या प्लास्टिकला नख लागू नये म्हणून साडू ते दोन्ही तळव्यांवर उचलत. "उघडून बघू या का?" असं मी एकदा सहज म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना दुपारी त्यांच्या जुन्या फ्लॉप्यांची कीर्ती ऐकून एक म्हातारे गृहस्थ आले. जन्मभर चादरींच्या कारखान्यांसाठी नक्षी काढलेले. घरी तेलुगू बोलणारे, त्यामुळे मराठी जरा थांबत थांबत. रुमालात बांधलेल्या सहा फ्लॉप्या त्यांनी साडूंच्या हातात दिल्या.

"कागद सगळे वाळवीनं खाल्ले," ते म्हणाले. "माझं काम आता एवढ्यातच हाय. डोळ्यांत थोडा उजेड हाय, डॉक्टर म्हणतात, लई दिवस राहणार न्हाय. तवर एकदा बघायचं होतं."

साडूंनी फ्लॉपीवरचं लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ती नक्षी उघडणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे एकाच ठिकाणी होता, त्या सीलबंद खोक्यात.

साडू कपाटापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "उद्या या," असं काहीतरी पुटपुटले.

"उद्या त्यांना किती दिसंल, कुणी सांगावं?" मेव्हणीबाई हळूच म्हणाल्या.

साडूंनी ब्लेड मागितलं. पण ते खोक्याला लावणं काही त्यांच्याच्यानं होईना, शेवटी प्लास्टिक मी कापलं. चर्र झालं तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

साडूंकडे त्याच कंपनीचा एक जुना कॉम्प्युटर होता, त्यात प्रोग्रॅमच्या चार फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या होत्या. तिसरीला ते यंत्र खरखरलं आणि गप्प झालं. आवाज ऐकू यावा म्हणून त्या उकाड्यात आम्ही पंखा बंद केला.

"फिरतंय ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"फिरतंय की," साडू धडधडीत खोटं बोलले. फ्लॉपी काढून, फुंकर घालून त्यांनी ती पुन्हा सरकवली. यंत्र घरघरलं आणि पुढे सरकलं.

प्रोग्रॅम चालू झाला, पण नक्षीची पहिलीच फ्लॉपी बुरशीनं गेलेली निघाली. दुसरीची तीच गत. तिसरी, चौथी, पाचवी. साडूंच्या कपाळावरचा घाम टेबलावर टपकत होता. सहावी घालताना त्यांनी मेव्हणीबाईंकडे पाहिलं. बाईंनी देवापुढे जोडावेत तसे हात जोडले होते.

पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. वेल, कमळं, मग काठ.

म्हातारे पडद्याला नाक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील.

"पान चुकलंय," ते म्हणाले. "डाव्या काठाला. तवा घाई केली मी."

साडूंनी माऊस हातात घेतला. म्हातारे सांगत गेले, साडू एकेक चौकोन भरत गेले. पान नीट व्हायला तास लागला. तोवर पंखा लावायची कुणाला आठवण झाली नाही.

पावसाळा संपता संपता म्हाताऱ्यांची नजर पुरती गेली. तरी दर रविवारी ते रिक्षा करून साडूंकडे येतात. ते तोंडानं नवी नक्षी सांगतात, साडू पडद्यावर भरतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हे पान कसं आलंय?"

साडूंनी सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द सापडेनात. मग ते खुर्ची ओढून म्हाताऱ्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचं बोट हातात धरून टेबलावर सावकाश ते पान गिरवू लागले.